चेंचो उडाला होता की नाही

मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३. सकाळपासून धुकं. चर्चचा मनोरा दुपारपर्यंत दिसला नाही. सफरचंदं घेणारा आला, भाव पाडून बोलला, परत पाठवला. पालिकेतली योसेलिन येऊन गेली. म्हणाली, सिनेमा सापडला. कोणता विचारलं तर म्हणाली, आपल्या गावाचा. जेवणानंतर चेंचो आला. मांस आणलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. चेंचो, म्हणजे क्रेसेन्सियो, दर रविवारी चर्चच्या भिंतीलगत तांब्याच्या कढईत डुकराचं मांस डुकराच्याच चरबीत शिजवून विकतो. मिस्सा अर्ध्यावर आली की तो वास आत शिरतो आणि फादर प्रवचन आटोपतं घेतात. धर्माच्या बाबतीत आमच्या गावासाठी यापेक्षा मोठं काम कुणी केलेलं नाही. वय ऐंशी, पोट कढईच्या मापाचं, मिशा अजून काळ्या, का ते सगळ्यांना माहीत आहे. असा हा चेंचो कुणाकडेही रिकाम्या हातानं जात नाही. निदान कुरकुरीत कातडीचा एक पुडा तरी असतोच. त्या दिवशी नव्हता, तेव्हाच मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

"एदुवी, ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं."

"ती रिळं जळाली होती ना? सगळे म्हणायचे, जळाली."

"जळावीत अशी सगळ्यांची इच्छा होती. इच्छेनं काही जळत नाही, चेंचो. नाहीतर तुझी मेव्हणी कधीच जळाली असती."

तो हसला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड चाचपत राहिला.

"रेनातानं वर्गात सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "माझे पणजोबा सिनेमात उडाले होते, म्हणून. एक कार्टं म्हणालं, खोटं. आता मास्तर सगळा वर्ग घेऊन येणार आहेत बघायला. सगळा वर्ग, एदुवी! आणि उड्डाण तर त्यात..."

"नाहीच आहे," मी म्हटलं.

"हळू बोल ना."

घरात माझ्याशिवाय फक्त कोंबड्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तरी मी आवाज खाली आणला, कारण त्याचा चेहरा तसा झाला होता.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, मठाच्या शाळेत. ओनोफ्रे नावाचा आमच्याच गावचा माणूस राजधानीहून परत आला आणि सिनेमा काढतो म्हणाला. सिनेमावाला म्हणजे तो नेमकं काय करत असे, ते कुणी विचारलं नाही. त्याच्या बुटांवरूनच सगळ्यांना पटलं. त्या काळी मुखवटेवाल्या पैलवानांचे सिनेमे जोरात चालत. मुखवटेवाला यायचा, रक्तपिपासूंना आपटायचा, रात्री मोटारीतून निघून जायचा. ओनोफ्रेची कल्पना अशी की आपला वीर घरगुती असावा. त्याला बायको असावी, मुलं असावीत, सगळ्यांना मुखवटे असावेत, म्हणजे मठातल्या सिस्टरसुद्धा पोरींना घेऊन येतील. नाव ठरलं 'निळा कडकडाट, सहकुटुंब'.

पैसा उभा करायला त्यानं तेच केलं जे आपण लग्नाला किंवा मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला करतो. आपल्याकडे कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. धर्मबाप व्हा म्हणून विचारतात. केकचा धर्मबाप, बुटांचा धर्मबाप, बँडचा धर्मबाप. नाही म्हणायची सोय नसते, आणि एकदा हो म्हटलं की पुढच्या रांगेत खुर्ची, सर्वांत आधी ताट आणि मरेपर्यंत मान. ओनोफ्रेनं सिनेमाच्या प्रत्येक वस्तूला धर्मबाप नेमला. चूक तिथेच झाली, पण ती चूक आहे हे गावातल्या कुणाच्याही लक्षात येणं शक्य नव्हतं.

चेंचोचा बाप रिळांचा धर्मबाप झाला. रिळं सर्वांत महाग, म्हणून वीर चेंचो. तो एकोणीस वर्षांचा होता आणि जत्रांमधून कुस्त्या खेळायचा. त्याला सगळ्यांनी हरवलं होतं, एकदा तर पंचानंसुद्धा. झग्याची धर्मआई नोटरीची बायको लेओकादियाबाई. तिनं मखमलीचा झगा सिस्टरांकडून भरतकाम करून घेतला, तो इतका जड झाला की चेंचो त्यात चालताना नांगराला जुंपल्यासारखा दिसे. पण झगा तिचा, म्हणून वीराची बायको तीच. पन्नाशी ओलांडलेली बाई. चेंचोची आई तिच्यापेक्षा लहान होती. औषधवाल्याची जुळी मुलं वीराची मुलं झाली, दोघंही बापापेक्षा हातभर उंच. राक्षसाचा धर्मबाप गाद्यावाला. त्यानं राक्षस आतून लोकर भरून मजबूत शिवला आणि सांगितलं, फाडायचा नाही, नंतर मला त्याच्या दोन गाद्या करायच्या आहेत. त्यामुळे निळा कडकडाट राक्षसाला सबंध सिनेमाभर हळुवारपणे ढकलत राहिला. ध्वनिक्षेपकाचे धर्मबाप तेव्हाचे फादर. लढाई ऐन रंगात येते आणि फादर मध्ये येऊन उपासाचं महत्त्व सांगतात, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. राक्षस हात बांधून ऐकत उभा होता.

राहिलं उड्डाण. उड्डाणाचे धर्मबाप नगराध्यक्ष. रस्त्याच्या कामाची क्रेन आणून देतो, तिला चेंचोला टांगा, असं त्यांचं वचन होतं. पण भिंतीवरच्या जाहिरातीत लेओकादियाबाईचं नाव त्यांच्या वर छापलं गेलं. नगराध्यक्षांनी ते सकाळी वाचलं आणि दुपारपर्यंत क्रेन डोंगरापलीकडे पाठवून दिली.

आता आमच्या गावाला उडण्याचं काय अप्रूप? संत आंद्रेसच्या सणाला चार माणसं चर्चसमोरच्या उंच खांबावर चढतात, कमरेला दोर बांधतात आणि डोकं खाली करून गोल गोल फिरत जमिनीवर उतरतात. बापाकडून मुलाकडे चालत आलेलं काम आहे. राजधानीहून आलेल्या छायाचित्रकारानं तो खांब पाहिला आणि ओनोफ्रेला विचारलं, "अहो, ही माणसं दर वर्षी उडतात म्हणता ना? मग आज उडवा की एकाला मुखवटा घालून!"

बिचाऱ्याची दया आली सगळ्यांना. उड्डाणाचा धर्मबाप जिवंत होता, नुसता रुसला होता. तो रुसलेला असताना दुसऱ्याकडून उड्डाण घेणं म्हणजे त्याच्या दारात त्याचीच शवपेटी नेऊन ठेवणं. उडणाऱ्यांच्या मुकादमानं स्वतःच हात जोडले: "माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला ते धर्मबाप आहेत. मी उडायचो नाही."

मग ओनोफ्रेनं काय केलं, तर सगळ्या गावाला चौकात उभं केलं. आम्हा मठातल्या मुलींनाही आणलं. दाट धुकं होतं. तो बाकावर चढून ओरडला, "वर बघा! तो चाललाय! बोटं दाखवा, टोप्या काढा!" गावानं वर बघितलं. चारी उडणारेसुद्धा गर्दीत उभे राहून आभाळाकडे बोट दाखवत होते. त्या वेळी निळा कडकडाट कुठे होता? झगा काढून सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, दुकानामागे पिंपावर बसून मक्याच्या पोळ्या खात होता. मी स्वतः बघितलं नाही, पण त्यानंच मला नंतर सांगितलं, आणि पोळ्यांच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही.

मला मात्र तेव्हा वाटलं होतं की धुक्यात खरंच कुणीतरी आहे आणि सिनेमात ते दिसेल. मी महिनोन्‌महिने त्याची वाट बघितली. मैत्रिणींना सांगितलं. आणि सिनेमा लागला तेव्हा काय दिसलं? आम्ही, वर बघताना. मग धुकं. मग पुन्हा आम्ही. त्यात माझा एक मोजा घसरलेला. पाठीमागून सफरचंदाचे गाभे पडद्यावर येऊ लागले. पहिला गाभा नोटरीनं, म्हणजे लेओकादियाबाईच्या नवऱ्यानंच मारला, असं म्हणतात. आपली बायको एकोणीस वर्षांच्या पोराच्या दंडाला लोंबकळताना त्यानं बराच वेळ सहन केली होती. मठाच्या मदर पर्पेतुआनं आम्हाला शेवट व्हायच्या आधीच बाहेर काढलं. मी रडले तेव्हा ती म्हणाली, "देवदूत दिसत नाहीत तेव्हा रडतेस का?" दहाव्या वर्षी मला ते उत्तर पटलं नाही. अजूनही पटत नाही.

सिनेमा पुन्हा कधी लागला नाही. गावाला त्याची लाज वाटे, म्हणून कुणी नावही काढत नसे, आणि चेंचोचं फावलं ते इथेच. त्याची बायको एर्लिंडा पलीकडच्या खोऱ्यातली, तिनं सिनेमा पाहिला नव्हता. तिच्या घरी जाऊन त्यानं सांगितलं की मीच तो निळा कडकडाट, मी या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर उडालो. आमच्या चर्चला एकच मनोरा आहे. एर्लिंडानं लग्न उडणाऱ्या माणसाशी केलं आणि संसार मांस तळणाऱ्याशी केला. कुणी तिला खरं सांगितलं नाही. नवऱ्याची थाप बायकोसमोर उघडी पाडणं आपल्याकडे बरं समजत नाहीत, आणि शिवाय चेंचो वजनात हात सैल सोडायचा. मुलं झाली, नातवंडं झाली, गोष्ट चालू राहिली. माझा नवरा म्हणायचा, "हा चेंचो दर वर्षी थोडा उंच उडतो."

एर्लिंडा गेली, पण तोवर रेनाता आली. नऊ वर्षांची. गोष्ट ऐकून सोडून देणारी पोर नाही ती. किती उंच, वारा कुठून होता, झगा मध्ये आला का, सगळं विचारते आणि मागच्या वेळी वेगळं सांगितलं असेल तर टोकते. जगात चेंचोला तिच्याइतकं कुणी मानत नाही. आणि आता ती सगळ्या वर्गासमोर खोटी ठरणार होती.

चेंचोनं प्रयत्न सोडले नाहीत. आधी तो फादरांकडे गेला. आमचे हल्लीचे फादर तरुण आहेत.

"फादर, तो सिनेमा चर्चच्या सभागृहात दाखवू नका. अश्लील आहे."

"काय आहे त्यात?"

"लेओकादियाबाईच्या पिंडऱ्या."

"त्या वारल्या ना?"

"पिंडऱ्या सिनेमात जिवंत आहेत, फादर."

फादर गंभीर होऊन म्हणाले, "असं असेल तर मला आधी नीट बघायला हवा," आणि सभागृहाची किल्ली योसेलिनला देऊन टाकली.

मग तो योसेलिनकडे गेला, तर तिनं त्याला प्रमुख पाहुणा करून टाकलं. माझ्या घरी येऊन खुर्चीत पुन्हा बसला. या वेळी कातडीचा पुडा होता, मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला.

"ठरवलं," तो म्हणाला. "उड्डाण यायच्या आधी उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. मी उडालो नाही. पोरीनं ते पडद्यावर बघण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं."

"सांग."

"तू शेजारी बस. पाय लटपटले तर धर."

"तुला धरायला क्रेन लागेल, चेंचो."

"क्रेन असती तर ही वेळच आली नसती," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

सव्वीस नोव्हेंबरच्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. कढई जावयावर सोपवून चेंचो पहिल्या रांगेत बसला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रेनाता, तिच्यापुढे जमिनीवर तिचा वर्ग. ज्यानं तिला खोटं म्हटलं तो मुलगा नेमका मध्ये. चेंचो कॉलर सैल करत होता.

सिनेमा सुरू झाला. लेओकादियाबाई मुखवटा लावून भाजी चिरताना दिसली आणि सगळे खो खो हसले. मी म्हटलं, आता गाभे येतील. पण मागून एक बाई ओरडली, "ती बघा, ती, खिडकीत! माझी आई!" आणि मग राहवलं नाही कुणाला. जो तो आपापलं माणूस शोधू लागला. राक्षसाला कुणी विचारेना. राक्षसाच्या मागे पिशवी घेऊन जाणारा म्हातारा कुणाचा, यावर दोन घरांत भांडण झालं. उपासावरचं प्रवचन आलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचं लग्न यांनीच लावलं, तेव्हाही असेच थांबेनात."

"आता येईल," चेंचो माझ्या कानात म्हणाला आणि उभा राहिला. त्याच्या पोटाची सावली पडद्यावर पडली. "थांबवा जरा. मला काही सांगायचंय..."

"खाली बस, चेंचो! आजी दिसत नाही माझी!"

तो बसला. तेवढ्यात चौक आला. सगळं गाव, धुक्यात, माना वर करून. इतकी माणसं. एकूण एक ओळखीची आणि जवळजवळ एकूण एक मेलेली. मी मदर पर्पेतुआ बघितली, आणि तिच्याजवळ मोजा घसरलेली मुलगी. माझी आई डाव्या कडेला होती, उन्हात धरावा तसा हात कपाळाशी धरून. तिथे ती आहे हे मला लहानपणी दिसलंच नव्हतं. तेव्हा मी दुसऱ्याच कुणाला शोधत होते.

"पण उडणारा कुठाय?" तो मुलगा मोठ्यानं म्हणाला. "नुसतं धुकंच आहे!"

रेनातानं चेंचोकडे बघितलं. तो पुन्हा उठला, आणि या वेळी त्याचा आवाज सगळीकडे पोचला.

"नाहीच आहे, बाळांनो. मी उडालो नव्हतो. साठ वर्षं थाप मारली."

झालं, सांगून झालं. त्यानं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुखला. मला वाटलं, आता लोक हसतील.

लेओकादियाबाईचा नातू उठला. तोही नोटरीच आहे. "काय म्हणालात, चेंचोकाका?"

"उडालो नव्हतो म्हणालो."

"आमची आजी तिकडे बोट दाखवतेय. ती काय खोटं बोलतेय?"

"तसं नाही रे..."

"मग कसं?" गाद्यावाल्याची मुलगी मागून तडकली. "आमचे बाबा टोपी काढून बघतायत. आमचे बाबा बिशपसाठी टोपी काढत नसत! कशाला काढतील, धुक्याला?"

"अहो, ओनोफ्रेनं सांगितलं, वर बघा म्हणून..."

"ओनोफ्रे मेला. मेलेल्या माणसावर ढकलू नका."

"पण तुम्ही तरी मेलेल्यांनाच..."

"चेंचोकाका," सिरिलो म्हणाला, आणि बाकीचे गप्प झाले, कारण सिरिलो म्हणजे उडणाऱ्यांच्या त्या मुकादमाचा नातू आणि आताचा मुकादम. "आमचे आजोबा त्या गर्दीत उभे आहेत. चौघंही आहेत. उडणं म्हणजे काय हे या डोंगरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ते जमिनीवर उभे राहून वर बोट दाखवतायत, म्हणजे वर कुणीतरी आहे. नाहीतर तुम्ही त्यांना वेड्यात काढताय. तसं असेल तर स्पष्ट सांगा, म्हणजे आमच्या घरातून मांसाला यायचं की नाही ते ठरवतो."

सबंध सभागृह त्याच्याकडे रागानं बघत होतं.

रेनाता माझ्याकडे वळली. "एदुवीआजी, ती मोजावाली मुलगी तुम्हीच ना? खरं सांगा. काय दिसलं तुम्हाला?"

"धुकं दाट होतं, बाळा," मी म्हटलं. "पण मान दुखेपर्यंत मी वर बघत होते."

ती त्या मुलाला म्हणाली, "ऐकलंस?" आणि चेंचोचा हात धरून त्याला खाली बसवत, मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी म्हणाली, "आजोबा, एवढं काय लाजायचं ते!"

मागून टाळ्या पडल्या. सिनेमा तसाच पुढे चालू राहिला. निळा कडकडाट राक्षसाला ढकलत होता, आणि लोक राक्षसाच्या मागे आपली माणसं शोधत होते.

बाहेर कढईपाशी रांग लागली होती. जो येई तो चेंचोच्या पाठीवर थाप मारून जाई. त्यानं मला बाजूला घेतलं.

"एदुवी, मी खरं सांगितलं ना? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. मोठ्यानं सांगितलंस."

"मग?"

"मग काय? कुणी घेतलं नाही. आता तुला उडालेलं राहावंच लागेल."

त्यानं कढईतली चरबी एकदा ढवळली. रेनाता वर्गातल्या पोरांना मनोऱ्याखाली उभं करून हातानं दाखवत होती, इथून सुरुवात केली, तिकडे उतरले. "वारा उलटा होता," चेंचो तिच्याकडे बघत मला म्हणाला, "हे तिला सांगायचं राहिलं." आणि गेला सांगायला.

संध्याकाळी घरी येऊन वहीत दिवसभराचं लिहिलं. खाली लिहिलं: स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. जुना अर्धा झिजला होता.